पदक आणि खोली : कलास्पर्धेने चित्रकाराला नेमके काय द्यावे?

१/
अनेक चित्रकारांनी एकत्र कामे मांडायची, परीक्षकांनी ती पाहायची आणि निवडलेल्या एका-दोघांना काही महिने राहण्या-काम करण्याची जागा द्यायची. 'स्टुडिओ रेसिडेन्सी'साठीची ही स्पर्धा आज कलाविद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. रीत नवी वाटते, तिच्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. कलावंताला गौरव अधिक उपयोगी की जागा? मुंबईच्या कलाइतिहासाकडे पाहिले तर उत्तर बरेच स्पष्ट दिसते : पदकांनी नावे मोठी केली, कला वाढली ती खोल्यांमध्ये. हा धागा त्या विधानाच्या समर्थनार्थ. #धागा #कलाइतिहास

२/
प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. प्रदर्शन पूर्ण झालेल्या कामाचा निवाडा करते. रेसिडेन्सी अद्याप न झालेल्या कामावर विश्वास टाकते. पदक मागे पाहते, खोली पुढे पाहते. या दोन गोष्टी एकाच स्पर्धेत बांधल्या की परीक्षकांचे काम अवघड होते. समोर लटकलेले चित्र उत्तम आहे एवढे ठरवून भागत नाही. या व्यक्तीला वेळ आणि जागा मिळाली तर काय घडेल, याचाही अंदाज बांधावा लागतो. इतिहासातील बहुतेक परीक्षक पहिले काम करीत राहिले आणि दुसरेही आपण केले, असे समजत राहिले.

३/
खोलीचा इतिहास प्रदर्शनापेक्षा कितीतरी जुना, आणि महाराष्ट्रात तो दगडातच कोरलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात, घोडेगावजवळ शिनोली हे गाव आहे. तिथून उत्तरेला जुन्नर. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री असे लेण्यांचे गट असून एकूण लेणी दोनशेहून अधिक भरतात. त्यांतील लहान खोल्या भिक्खूंच्या निवासासाठी होत्या, विशेषतः पावसाळ्यातील वर्षावासासाठी. खोलीत झोपायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचे टाके.

४/
या खोल्या कोणी दिल्या, हे शिलालेखांतून कळते. कुणी व्यापारी, कुणी कारागिरांची श्रेणी, कुणी राजाधिकारी. मानमोडीच्या डोंगरात क्षहरात राजा नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यावर वर्ष ४६ असा उल्लेख असून त्यात मंडप आणि 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. दाता मंडप देऊन थांबला नाही, पाण्याची सोयही केली. राहणाऱ्याच्या गरजा कोणत्या, याचा विचार करूनच हे दान झाले आहे.

५/
याच नहपानाचा जावई उषवदात. त्याचा नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख म्हणजे जवळजवळ रेसिडेन्सीचे अंदाजपत्रकच होय. लेणे दिल्यावर त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले : २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. २००० वर वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. हिशेब नाण्याला नाणे जुळतो.

६/
या लेखातील आणखी दोन अटी महत्त्वाच्या. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदवायचे. अर्थात भिक्खू म्हणजे चित्रकार नव्हेत आणि इथे स्पर्धाही नव्हती. ओढूनताणून साम्य दाखवण्याचे कारण नाही. पण निवास देणे म्हणजे काय, याची समज या लेखात पूर्ण आहे. छप्पर, पाणी, वस्त्र, कायमचा निधी आणि उघडी नोंद. यांतील एक वगळले तरी दान अपुरे राहते.

७/
खोली ही स्पर्धेचे बक्षीस केव्हा झाली? त्यासाठी फ्रान्सकडे पाहावे लागते. चौदाव्या लुईच्या काळात, १६६३ मध्ये 'प्री द रोम' ही स्पर्धा सुरू झाली आणि १६६६ मध्ये रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन झाली. विजेत्याने रोमला जाऊन सरकारी खर्चाने काही वर्षे राहायचे आणि प्राचीन कलेचा अभ्यास करायचा. १८०३ पासून हा निवास व्हिला मेदिची या वास्तूत आहे. अंतिम फेरीतील उमेदवारांना लहान बंद खोल्यांत बसवून, दिलेल्या विषयावर कित्येक आठवडे एकट्याने चित्र पूर्ण करायला लावत. खोली मिळवण्यासाठी आधी खोलीत कोंडून घ्यायचे!

८/
या स्पर्धेने थोर कलावंत घडवले; तिचे दोषही तितकेच प्रसिद्ध आहेत. झाक-लुई दाविद याला अनेक अपयशांनंतर १७७४ मध्ये यश मिळाले. स्त्रियांना १९०३ पर्यंत प्रवेशच नव्हता. १९०५ मध्ये संगीत विभागात मोरिस रॅव्हेल प्राथमिक फेरीतच बाद झाला. अंतिम फेरीत पोहोचलेले सगळे परीक्षक मंडळातील एकाच शिक्षकाचे विद्यार्थी निघाले. त्यावर एवढे वादळ उठले की पॅरिसच्या संगीतविद्यालयाच्या संचालकांना पायउतार व्हावे लागले. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर ही स्पर्धा तिच्या जुन्या रूपात संपली. निवास मात्र चालू राहिला. यातील तात्पर्य विसरू नये : स्पर्धा गेली तरी खोली टिकू शकते.

९/
आता मुंबई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि वार्षिक प्रदर्शन, परीक्षक, पदके ही यंत्रणा मुंबईत रुजली. आरंभी या प्रदर्शनांवर इंग्रज अधिकारी आणि हौशी युरोपीय चित्रकारांची छाप होती. तिथे भारतीय विद्यार्थ्याचे चित्र लागणे हीच मोठी घटना ठरे.

१०/
म्हणूनच १८९५ मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, त्याचे मोल फार मोठे होते. कोल्हापूरहून आलेला हा तरुण १८९० मध्ये जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला, तिथेच शिक्षक झाला आणि १९३१ मध्ये निवृत्त झाला. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. नीट पाहिले तर नावातच उत्तर दडलेले दिसते. पदक एका वर्षाचे. एकेचाळीस वर्षे टिकली ती जागा : वर्ग, भिंती, प्रकाश आणि रोजचे काम.

११/
पदक निरुपयोगी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी पदक हे ओळखपत्र होते. संस्थानिक, गुजराती-पारशी धनिक आणि सरकारी खाती पदक पाहून कामे देत. व्यक्तिचित्रांची मागणी त्यातून वाढे. पण त्याचा दुसरा परिणामही झाला. जे पदक मिळवून देते तेच पुन्हा काढण्याकडे कल वाढला. परीक्षकांची रुची ही बाजारपेठेची रुची झाली. प्रयोग करायचा तर त्यासाठी पदकाच्या नजरेबाहेरची जागा लागते आणि ती फारशी कोणाकडे नव्हती.

१२/
एक अपवाद अजिंठ्याचा. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, हंगामाहंगामाने, विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार त्यातून तयार झाले. महिनोन्‌महिने लेण्यांत राहून प्राचीन रेषा हाताखालून जाणे हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळाले नसते. सरकारचा हेतू प्रतिकृती लंडनला पाठवण्याचा होता. १८८५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. विद्यार्थ्यांच्या हातांत उतरलेली रेषा मात्र त्या आगीतून सुटली.

१३/
स्पर्धा आणि खोली या दोन्हींचा विचार मुंबईत एकत्र झाला तो १९२० च्या दशकात. ग्लॅडस्टन सॉलोमन हे तेव्हा जे. जे.चे प्रमुख. गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या पाठबळाने त्यांनी भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला. १९२४ च्या वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी सजवलेले भारतीय दालन मांडले गेले. पुढे नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती आणि छते रंगवण्याचे काम जे. जे.च्या चमूला मिळाले. १९२८-२९ च्या सुमारास हे काम झाले.

१४/
याच काळात 'प्राइझ ऑफ दिल्ली' ही योजना पुढे आली. नावच तिचा आदर्श सांगते : रोमच्या जागी दिल्ली. निरनिराळ्या प्रांतांतील कलाविद्यार्थ्यांनी स्पर्धेत उतरावे आणि विजेत्यांनी राजधानीत राहून, काम करून पुढील शिक्षण घ्यावे. सॉलोमन यांनी तिचा आग्रह धरला, कलासमीक्षक कन्हैयालाल वकील यांनी तिची बाजू मांडली. आजच्या शब्दांत सांगायचे तर ती अखिल भारतीय स्पर्धात्मक रेसिडेन्सी होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. दिल्लीच्या भिंती रंगल्या, पण रंगवणाऱ्या तरुणांसाठी कायमची खोली उभी राहिली नाही.

१५/
ही संधी हुकण्याचे मोल कळण्यासाठी लंडनचे 'इंडिया हाउस' पाहावे. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या आणि १९३० मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या भित्तिचित्रांसाठी भारतातून चौघांची निवड झाली : सुधांशु चौधरी, रणदा उकिल, धीरेन्द्रकृष्ण देववर्मा आणि ललितमोहन सेन. १९२९ मध्ये ते लंडनला गेले. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या देखरेखीखाली शिकले, इटलीतील भित्तिचित्रे पाहिली आणि मग इंडिया हाउसच्या भिंती रंगवल्या.

१६/
चौघेही बंगालच्या कलापरंपरेतले. भित्तिचित्रणाचा खास वर्ग चालवणाऱ्या मुंबईतून एकही नाही. मुंबईच्या गोटात याचे पडसाद उमटणे स्वाभाविक होते. 'बंगाल की मुंबई' हा वाद तेव्हा आधीच पेटलेला होता. कोणाची निवड योग्य, हा वाद आज शिळा झाला आहे. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. खोल्या चारच असतील आणि निवडीची कारणे उघड नसतील, तर प्रत्येक निवड ही कुणाच्या तरी प्रांताचा, शाळेचा किंवा गुरूचा विजय म्हणून वाचली जाते. चित्र मागे पडते, गट पुढे येतो.

१७/
परीक्षकांशी वाद घालण्याचा सर्वांत ताठ मार्ग अमृता शेरगिल यांनी दाखवला. १९३५ मध्ये सिमला फाइन आर्ट्स सोसायटीने त्यांच्या दहापैकी पाच चित्रे नाकारली आणि स्वीकारलेल्यांपैकी एका चित्राला पारितोषिक दिले. त्यांनी ते परत केले. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिले. एकाच चित्रकर्तीकडे दोन परीक्षक मंडळे किती वेगळ्या नजरेने पाहू शकतात, याचा हा पुरावा. पण पारितोषिक परत करण्याची ताकद सर्वांकडे नसते. त्यामागे घर, शिक्षण आणि पॅरिसचा अनुभव उभा होता.

१८/
त्याच्या दुसऱ्या टोकाला के. एच. आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा पळून मुंबईला आला. घरकाम केले, मोटारी धुतल्या आणि त्यातून वेळ काढून चित्रे रंगवली. रूडी फॉन लेडेन यांच्यासारख्या जाणकारांनी त्याला ओळखले. १९४२ मध्ये त्याचे एकल प्रदर्शन झाले, १९४४ मध्ये सोसायटीच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. प्रदर्शनपद्धतीची खरी शक्ती इथे दिसते. जात, भाषा, शिक्षण न विचारता भिंतीवरचे चित्र बोलते. म्हणूनच परीक्षक आणि प्रदर्शन ही यंत्रणा मोडीत काढण्याचा सल्ला देणारे चुकतात. ती नसती तर आरांसारख्याला दार कोणी उघडले असते?

१९/
१९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. कलासंस्थांच्या रूढ अभिरुचीविरुद्धचे ते बंड होते. परंतु हे बंडखोर याच पद्धतीत वाढले होते, हेही खरे. हुसेन यांना १९४७ मध्येच सोसायटीच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले होते. गटाचे १९४९ चे गाजलेले प्रदर्शन भरले ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. बंडालाही भिंत लागते आणि ती अनेकदा ज्याच्याविरुद्ध बंड आहे त्याच्याकडूनच घ्यावी लागते.

२०/
या सहा जणांचे पुढे काय झाले? सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले. गटाने मुंबईला नवी दृष्टी दिली. मुंबईने गटाला टिकून राहण्याची जागा दिली नाही. चित्रकार शहर सोडतात तेव्हा आपण त्यांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलतो. भाड्याबद्दल, अपुऱ्या उजेडाबद्दल, कॅनव्हास उभा करायला नसलेल्या भिंतीबद्दल क्वचितच बोलतो.

२१/
आणि मग एक अपवाद घडला. वॉर्डन रोडवर, समुद्राकाठी, भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. त्यांच्या मृत्यूनंतर तिथे भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली. मधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी ती चालवली. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथे नाममात्र भाड्याने चित्रकारांना स्टुडिओ मिळत. वासुदेव गायतोंडे, हुसेन, दशरथ पटेल, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहम्मदी अशी नावे त्या खोल्यांशी जोडलेली आहेत. त्याच आवारात इब्राहिम अल्काझींचे नाटक आणि रविशंकरांची संगीतशाळाही होती.

२२/
तिथे पदक नव्हते. वार्षिक निकाल नव्हता. शेजारच्या खोलीत सतार वाजत असताना चित्रकार काम करीत होता आणि नाटकाची तालीम चालू असताना शिल्पकार. नागपुरात जन्मलेले गायतोंडे याच वर्षांत आकृतीकडून अमूर्ताकडे वळले. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. क्रम पाहण्यासारखा आहे : ज्या वर्षांत त्यांना काम करायला खोली होती, त्याच वर्षांत ही मान्यता आली.

२३/
इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो खरा आहे. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षक नव्हते, म्हणजे प्रवेश ओळखीने मिळे. मुंबईत असलेल्या, कलावंतांच्या वर्तुळात वावरणाऱ्या, इंग्रजीत संवाद साधणाऱ्या माणसाला ती वाट सोपी. ग्रामीण भागातून आलेल्या अबोल तरुणाला त्या बंगल्याचा पत्ता तरी कसा कळणार? शिवाय ती जागा व्यक्तींच्या औदार्यावर उभी होती. औदार्य आणि माणसे संपल्यावर जागाही संपली. बंगला गेला, त्या ठिकाणी उंच इमारत आली. उषवदाताने मुद्दल कायमचे बांधून ठेवले होते, ते का, हे इथे कळते.

२४/
थोडक्यात, मुंबईने दोन अर्धवट पद्धती पाहिल्या. सोसायटीच्या प्रदर्शनात दार सर्वांसाठी उघडे, पण आत मिळणारे बक्षीस पदक. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये बक्षीस उत्तम, पण दार ओळखीचे. 'प्राइझ ऑफ दिल्ली'ने या दोहोंना जोडण्याचे स्वप्न पाहिले आणि ते कागदावर राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये ललित कला अकादमी आली, १९७६ मध्ये दिल्लीत गढी येथे तिचे स्टुडिओ उभे राहिले. जे पन्नास वर्षांपूर्वी मागितले होते, ते दिल्लीत काही अंशी मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला प्रामुख्याने प्रदर्शने आणि पुरस्कारच आले.

२५/
म्हणूनच परीक्षकांनी निवडलेल्या प्रदर्शनाचे बक्षीस म्हणून रेसिडेन्सी देणे, ही कल्पना योग्य दिशेची आहे. मात्र ती पुरी व्हायला हवी. नुसती खोली दिली आणि रंग, जेवण, प्रवास हे विजेत्याच्या खिशावर सोडले, तर ज्याच्या खिशात आधीच काही आहे तोच ती स्वीकारू शकतो. कागदावर स्पर्धा खुली, व्यवहारात बंद. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याला लेण्याबरोबर टाके आणि टाक्याबरोबर वस्त्र आठवले. आजच्या आयोजकांना विजेत्याचे दोन वेळचे जेवण आठवू नये?

२६/
दुसरी गोष्ट निवडीच्या निकषांची. एकच सुबक चित्र पाहून खोली देऊ नये. कच्ची रेखाटने, फसलेले प्रयत्न, पुढे काय करायचे आहे याचे चार ओळींतील टिपण, हेही परीक्षकांनी पाहावे. परीक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत बाजूला व्हावे. १९०५ च्या पॅरिसने हा धडा महागात घेतला. आणि निकालाबरोबर कारणेही जाहीर व्हावीत. नाकारलेल्यांना कारण कळणे हा उपकार नाही, तो स्पर्धेच्या शिक्षणाचाच भाग आहे. निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवण्याची रीत आपल्याच मातीतली आहे.

२७/
तिसरी गोष्ट जागेच्या जागेची. आज शिनोलीतल्या एखाद्या कलाविद्यार्थिनीला मुंबईच्या प्रदर्शनात चित्र लावायचे, तर प्रवेशशुल्क, चौकट, नेण्या-आणण्याचा खर्च आणि मुक्काम यांचा हिशेब आधी येतो, चित्र नंतर. खोल्या मुंबईतच का असाव्यात? जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, जिथे एकेकाळी दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली, जवळच डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, तिथे काम करण्यासारखे विषय कमी आहेत का? चित्रकाराला गावाकडून शहराकडे नेणाऱ्या रेसिडेन्सी पुष्कळ कल्पिल्या गेल्या. शहरातील चित्रकाराला चार महिने या खोऱ्यात राहायला लावणारी आणि स्थानिक मुलांना त्याच्या शेजारी खोली देणारी रेसिडेन्सी अधिक फलदायी ठरेल.

२८/
यावर कोणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? राज्यात पुरस्कार, सन्मानचिन्हे, शाली आणि उद्घाटन सोहळे यांवर होणारा खर्च अपरिचित नाही. एक मोठा सोहळा कमी केला तर एक खोली वर्षभर चालेल, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. प्रश्न पैशापेक्षा प्राधान्याचा आहे. पदक देताना छायाचित्र निघते. खोली दिली की दात्याला काही काळ धीर धरावा लागतो, कारण आत काय घडते आहे ते लगेच दिसत नाही. काही वेळा काहीच घडत नाही. तो धोका पत्करणे म्हणजेच कलेला आश्रय देणे.

२९/
इतिहासाचे विद्यार्थी कलास्पर्धांकडे बहुधा विजेत्यांच्या यादीतून पाहतात. ती यादी उपयुक्त आहे, पण अपुरी. पुढच्या वेळी एखाद्या चित्रकाराचे चरित्र वाचताना पारितोषिकांची वर्षे टिपून झाली की आणखी एक रकाना आखावा : त्या वर्षी हा माणूस कुठे राहत होता, कुठे रंगवत होता, भाडे कोण देत होते? धुरंधर, आरा, गायतोंडे यांच्या बाबतीत हा रकाना भरला की चित्र वेगळेच दिसू लागते. आणि जुन्नरच्या एखाद्या लेण्यात गेलात तर मूर्ती नसलेली, कोरीव काम नसलेली, निव्वळ ओटा असलेली खोलीही नीट पाहावी. ती कुणाला तरी काही काळ निश्चिंतपणे राहता यावे म्हणून कोरली होती. #जुन्नर #शिनोली #बॉम्बे_आर्ट_सोसायटी